ऑनर्सला बोलावलंय, घेऊ का सोडू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, यंदा बारावी आर्ट्स झाली. अमेरिकेतल्या एका ख्रिश्चन लिबरल आर्ट्स युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, अर्धी स्कॉलरशिप पण आहे. आता परवा त्यांचा मेल आला की ऑनर्स प्रोग्रामसाठी पण अप्लाय करा, दोन निबंध लिहायचे आणि मग ऑनलाइन इंटरव्ह्यू. बाबा म्हणतात आपल्या बी.ए. ऑनर्ससारखंच असेल, घे बिनधास्त. आजीचं टेन्शन वेगळंच, मिशनऱ्यांच्या कॉलेजात पोरगी जाईल आन् गळ्यात क्रॉस घालून येईल म्हणते. मला वाचायला भयंकर आवडतं पण चारचौघांत इंग्लिश बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. त्यात हा एक्स्ट्रा लोड, ग्रेड घसरल्या आणि स्कॉलरशिप गेली तर बाबांनी काय करायचं? घेऊ का सोडू?

उत्तर : अगं, आधी मनापासून अभिनंदन! आणि बाबांचा गोंधळ आधी सोडवू या, कारण शब्द एकच असला तरी मामला वेगळा आहे. आपल्याकडे ऑनर्स म्हणजे एका विषयात जास्त खोल जायचं. तिकडे ऑनर्स प्रोग्राम म्हणजे युनिव्हर्सिटीच्या आत निवडलेल्या पोरापोरींचा एक छोटा गट, त्यांचे काही क्लास वेगळे, वाचन जास्त, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षी थीसिस. मेजर, म्हणजे मुख्य विषय, तुझा जो असेल तोच राहतो. अमेरिकेत ही पद्धत नावारूपाला आणली ती पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने, १९२२ मध्ये. तिथले प्रेसिडेंट फ्रँक आयडेलॉट स्वतः ऑक्सफर्डला शिकून आलेले, त्यांना वाटलं की तयारीच्या मुलांना नुसतं लेक्चर ऐकत बसवण्यापेक्षा छोट्या गटात वाचायला, लिहायला, एकमेकांचं म्हणणं खोडायला लावावं आणि परीक्षा घ्यायला बाहेरून माणसं बोलवावी.

आता तुझा एक्स्ट्रा लोड. इथेच बहुतेक मुलं घाबरून चुकीचा निर्णय घेतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. लिबरल आर्ट्समध्ये मेजर कुठलाही घे, इतिहास, साहित्य, सायन्स, तत्त्वज्ञान असे जनरल एज्युकेशनचे कोर्स सगळ्यांनाच करावे लागतात, आणि ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत त्यात बायबल आणि धर्मशास्त्र पण येतं. काही ठिकाणी ऑनर्सचे क्लास या कोर्सच्या जागी बसतात. कॅलिफोर्नियातल्या बायोला युनिव्हर्सिटीचं टॉरी ऑनर्स कॉलेज तसं आहे, तिथे प्लेटो, ऑगस्टीन, दान्ते यांच्यासारख्यांचे मूळ ग्रंथ वाचायचे, गोल बसून त्यावर तासन्‌तास चर्चा करायची आणि सेमिस्टर संपताना शिक्षकांसमोर बसून तोंडी परीक्षा द्यायची. म्हणजे तिथे क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं माप) वाढत नाहीत, शिकायची रीत बदलते. दुसऱ्या काही ठिकाणी मात्र नेहमीचे कोर्स आहेतच, त्याच्या वर सेमिनार आणि थीसिस. पहिल्या प्रकारचं असेल तर लोडची भीती अर्धी कमी झाली असं समज. तुझं कुठल्या प्रकारचं आहे ते मेल करून सरळ विचार, लाजू नको, असे प्रश्न त्यांना रोज येतात.

बोलायची भीती मात्र खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही, कारण या प्रोग्राममध्ये मागच्या बाकावर लपताच येत नाही, टेबलाभोवती १५-२० जण आणि सर विचारणार की या ओळीचा अर्थ तुला काय लागला. पण त्यासाठी फाडफाड इंग्लिश लागत नाही गं. माझे आजोबा नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात चार मित्रांसोबत ज्ञानेश्वरी वाचायला बसायचे, एका ओवीवर तासभर अडकायचे, त्यातले एक काका फारच कमी बोलायचे पण बोलले की सगळे गप्प व्हायचे, कारण त्यांनी ती ओळ खरंच नीट वाचलेली असायची. तिथेही हेच चालतं. पुस्तकात बोट ठेवून "इथे असं लिहिलंय, मग तुम्ही म्हणता ते कसं?" एवढं विचारता आलं तरी पहिलं सेमिस्टर निभतं. आतापासून रोज दोन पानं मोठ्याने वाच आणि एखाद्या मैत्रिणीला इंग्लिशमध्ये सांग, अडखळलीस तरी चालेल.

आजींना सांग की आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून आहे, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने, आणि तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकली, मी पण त्यातलीच, आमच्या घरचा गणपती अजून बसतो. पण तुला एक गोष्ट स्पष्ट सांगते. हिस्लॉप वेगळं आणि अमेरिकेतली ख्रिश्चन युनिव्हर्सिटी वेगळी. तिथेही सगळ्या सारख्या नाहीत. बायोलासारख्या ठिकाणी पदवीला येणारा विद्यार्थी ख्रिश्चन असावा अशी अटच असते. टेक्ससमधली बेलर युनिव्हर्सिटी बॅप्टिस्ट या ख्रिश्चन पंथाच्या परंपरेतली आहे पण सगळ्या धर्मांच्या मुलांना घेते, चॅपलची म्हणजे प्रार्थनासभेची हजेरी मात्र काही सेमिस्टर लागते. तू फॉर्म भरताना श्रद्धेबद्दल किंवा वागणुकीच्या नियमांबद्दल कशावर सही केलीस ते आज काढून नीट वाच. जे मानत नाहीस त्यावर स्कॉलरशिपसाठी सही करू नकोस, चार वर्षं खोटं वागणं फार जड जातं, आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशीही ते बरं नाही. तशी अट नसेल तर इंटरव्ह्यूतच सांगून टाक की मी हिंदू घरातली आहे (किंवा जे असेल ते), बायबल मन लावून वाचेन आणि जे पटणार नाही ते बोलेन, चालेल ना? त्यांचं उत्तर ऐकलं की ती जागा कशी आहे ते तुला कळेल.

पैशाचं लेखी घे. अर्धी स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) लागतो, ऑनर्समध्ये राहायला किती, आणि ऑनर्स सोडलं तर मूळ स्कॉलरशिपला हात लागतो का. परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसमध्येच आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, त्यामुळे स्कॉलरशिप गेली तर खड्डा नोकरीने भरून निघणार नाही.

माझं मत विचारशील तर निबंध लिही आणि इंटरव्ह्यू दे. स्कॉलरशिपला धोका नाही असं लेखी आलं तर घेच. बहुतेक ठिकाणी एक-दोन सेमिस्टर करून जमलं नाही तर ऑनर्स सोडून साध्या डिग्रीत राहता येतं, नंतर आत शिरणं मात्र अवघड असतं.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नागपुरातच बी.ए. करतोय. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यावं का?

उत्तर : दादा, यूजीसीच्या आराखड्यात ३ वर्षांची डिग्री किमान १२० क्रेडिटची आणि ४ वर्षांची ऑनर्स किमान १६० क्रेडिटची. ऑनर्स विथ रिसर्च हवं असेल तर पहिल्या ६ सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. त्याला रिसर्चमध्ये किंवा पुढे परदेशात जायचं असेल तर चौथं वर्ष कामी येतं. स्पर्धा परीक्षाच द्यायच्या असतील तर ३ वर्षांवर थांबला तरी चालतं, तिथे साधी पदवी पुरते. आणि त्याच्या कॉलेजात त्याच्या विषयाचं चौथं वर्ष खरंच चालू आहे का, गाइड कोण मिळणार, हे कॉलेजात जाऊन विचारून या, वेबसाइटवर विसंबू नका.