लेकीला बालवाडीतच राहायचंय, मग पैसे कुठे घालायचे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं बार्शीहून आलेलं पत्र वाचलं. लेक 22 वर्षांची, मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. दीड वर्षापासून गावातल्या एका नर्सरीत ‘मिस’ आहे आणि हातात महिना 5,500 रुपये येतात. एका खासगी संस्थेनं तिला ‘आंतरराष्ट्रीय माँटेसरी टीचर ट्रेनिंग डिप्लोमा’ सुचवलाय. वर्षभर शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग, फी 42,000, पहिला हप्ता या महिनाअखेर. तिच्या बाबांचं म्हणणं, एवढे पैसे घालायचेच तर सरळ डी.एड. कर. लेक म्हणते, मला लहान मुलांतच राहायचंय आणि शिकायचं तर मोबाइलवर सगळं फुकट मिळतं. तुम्ही विचारलंय, तिघांत बरोबर कोण?

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण हप्ता तूर्त भरू नका.

या क्षेत्रात कागद लागतो तो ठरावीक ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा. अंगणवाडी सेविका व्हायचं तर बारावी उत्तीर्ण, वय 18 ते 35 आणि त्याच गावची किंवा प्रभागाची रहिवासी असणं या मूळ अटी. (ही शेवटची अट लग्नाळू मुलींच्या घरी कुणी लक्षात घेत नाही. सासर दुसऱ्या गावी असेल तर इथली रहिवासी म्हणून अर्जच करता येत नाही.) मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, व्हायचं तर पदवी हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायचं तर डी.एल.एड., म्हणजे तिच्या बाबांचं डी.एड., वर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), त्यावर पुन्हा भरतीसाठीची वेगळी परीक्षा, टेट (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). आणि खासगी नर्सरीत कोणत्या कागदाला किती किंमत, ते बहुतेक वेळा संस्थाचालकाच्या मर्जीवर. यातल्या कुठल्याच दारात ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला जादा गुण नाहीत.

माँटेसरीबद्दल दोन शब्द, कारण त्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. ही पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या मारिया माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या. महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि 1946 पर्यंत त्यांनी इथल्या शिक्षकांना शिकवलं. त्यांनी स्थापलेली ए.एम.आय. (असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनल) ही आंतरराष्ट्रीय संघटना आजही पदविका देते. तो अभ्यासक्रम लांबलचक असतो. एकेक साधन हातात घेऊन तासन्‌तास सराव करायचा, मुलांचं निरीक्षण लिहायचं, अनुभवी बाईंच्या नजरेखाली वर्गात उभं राहायचं. पण ‘माँटेसरी’ हे नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही, ते कुणीही पाटीवर लावू शकतं. गुलाबी मनोरा किंवा दट्ट्यांची पेटी ही माँटेसरीची हाताळायची साधनं शनिवार-रविवार लॅपटॉपच्या पडद्यावर कशी शिकवणार, हे मला तरी उमगत नाही.

तरीही संस्थेवर अन्याय नको. लेकीला फोन करू द्या आणि चार गोष्टी विचारू द्या. प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस काम? ते काम बघायला कोण येणार? प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव, किंवा एनसीटीईची (शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) मान्यता आहे का? मध्येच सोडलं तर फीचं काय? पूर्वप्राथमिकसाठी एनसीटीईची मान्यता असणारी पदविका असते ती 2 वर्षांची डी.पी.एस.ई. (पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका). उत्तर जर ‘मॅडम, नोट्स पीडीएफमध्ये देतो, परीक्षा घरूनच’ असं आलं, तर काय ते समजा.

आता लेकीचा मुद्दा. फुकट मिळतं हे खरं. सगळं कामाचं असतं हे खरं नाही. रील्समध्ये दिसतो तो कापसाचा ससा आणि कागदाची छत्री. ती करते मिस, मूल नुसतं चिकटवायला बोट पुढे करतं आणि आई फोटो स्टेटसला ठेवते. त्यात मुलानं काय केलं?

तिनं मोबाइल उघडायचा तर आधी ‘आधारशिला’ शोधायला सांगा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2024 मध्ये 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी काढलेला हा अभ्यासक्रम आहे. 48 आठवड्यांचं खेळांचं वेळापत्रकच त्यात मांडून दिलंय. अंगणवाडीसाठी केलेला असला तरी खासगी नर्सरीच्या मिसनं वापरला म्हणून कुणी दंड करत नाही. 3 वर्षांखालच्या मुलांसाठी त्याचंच जोडीदार ‘नवचेतना’. मग एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’, 2023 सालचा. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या, गोष्टी आणि बाईंसाठी हस्तपुस्तिका असा तो संच. पेटी शाळेनं घेतली नाही तरी त्याचं डिजिटल रूप ‘ई-जादुई पिटारा’ अ‍ॅपवर आहे. या सगळ्याचा पाया 2022 चा पायाभूत स्तराचा (3 ते 8 वर्षं) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. तो जाडजूड आहे. तिला सगळा वाचायला लावू नका, खेळातून शिकणं आणि मूल्यमापन यांबद्दलचे भाग वाचले तरी महिनाभर पुरतील. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर शिक्षकांच्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचे पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचे घटक आहेत, तेही बघण्यासारखे.

हे सरकारी साहित्य कोरडं वाटलं तर मराठीत रसाळ लिहिणारे-बोलणारे कमी नाहीत. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था अंगणवाडी आणि सुरुवातीच्या वाचन-लेखनावर वर्षानुवर्षं काम करतेय. त्यांच्या व्हिडिओंत वर्ग खरा असतो, मुलं खरी असतात आणि कधीकधी खेळ फसतोही. मला तेच आवडतं. पुण्याहून 1987 पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक जुन्या अंकांसकट वाचण्याजोगं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीवर’ हे संकेतस्थळ आहे. मराठी चित्रपुस्तकं उतरवून घ्यायची, छापायची, हवं तर मजकूर बदलायचा, सगळ्याला परवानगी. टाकाऊतून खेळणी हवी असतील तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ आहेच.

एवढं सगळं असूनही शिक्षण नुसतं बघून होत नाही. लेकीच्या हातात दीड वर्षापासून रोज मुलं आहेत. 42,000 भरणाऱ्या कितीतरी मुलींकडे ती नसतात. तिनं एक शंभर पानी वही घ्यावी आणि रोज एकाच मुलाबद्दल पाच-सहा ओळी लिहाव्यात. ‘हुशार आहे’, ‘चंचल आहे’ असले शेरे नकोत. त्यानं काय केलं, तेवढंच.

कसं ते सांगते. चार-साडेचार वर्षांच्या मुलापुढे आठ चिंचोके ठेवायचे आणि मोजायला सांगायचं. काही मुलं तोंडानं आठपर्यंत धडाधड म्हणतात पण बोट पाचव्या चिंचोक्यावरच असतं, म्हणजे शब्द पुढे आणि हात मागे. काही मुलं एकेका चिंचोक्याला बोट लावत बरोबर आठपर्यंत जातात. मग विचारायचं, ‘किती झाले?’ आणि ती पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण किती, हे त्यांना अजून कळलेलं नसतं. तिसरं मूल ‘आठ’ सांगतं. मग तेच चिंचोके त्याच्यासमोर लांब लांब पसरायचे आणि विचारायचं, ‘आता जास्त झाले का?’ ते बरेचदा ‘हो’ म्हणतं. तीनही मुलांना आई-बाबांच्या भाषेत ‘शंभरपर्यंत येतं’. पण तिघांना उद्या द्यायचा खेळ वेगळा. पहिल्याला प्रत्येक खळग्यात एकच बी टाकायचा खेळ, दुसऱ्याला ‘मला पाच आणून दे’ असा दुकानदारीचा. तिसऱ्याला काहीच घाई नाही, ते वयानं आपोआप येतं. लेकीनं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आराखड्यातली गणिताची पानं तिला तोंडपाठ करावी लागणार नाहीत.

असंच लिहिण्याचं. नर्सरीत चौथ्या वर्षी ‘अ’ गिरवायला पालक मागे लागतात आणि मिस बिचारी मुलाचा हात धरून पान भरते. बोटांचे बारीक स्नायू तयार व्हायला कणीक मळणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं, कात्रीनं कापणं हे लागतं. पालकांना ते ‘अभ्यास’ वाटत नाही, म्हणून ते समजावून सांगता येणं हाही बाईंच्या कामाचाच भाग. पालकसभेत लेकीनं दोन मुलांची तीन महिन्यांपूर्वीची आणि आत्ताची चित्रं शेजारी-शेजारी ठेवली, तर वेगळं भाषण करावं लागत नाही.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढे 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना मुळात ताराबाईंची, 1975 च्या सरकारी एकात्मिक बालविकास योजनेच्या बरीच आधीची. दोघींचं लेखन तालुक्याच्या ग्रंथालयात सापडतं, आणि गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचंही मराठीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर आधी पत्र लिहून, परवानगी घेऊन डहाणू तालुक्यात जाऊन यावं, कोसबादला किंवा ऐन्याच्या ‘ग्राममंगल’ या बालशिक्षणातल्या संस्थेला. बार्शीहून लांब आहे, पण दोन दिवस एखाद्या चांगल्या वर्गाच्या कोपऱ्यात गप्प बसून पाहिलं तर वर्षभराच्या ऑनलाइन वर्गांपेक्षा जास्त पदरात पडेल.

कागद तरी हवाच ना, असं तुम्ही म्हणाल. हवा. त्यासाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) बालसंगोपन व शिक्षणाची पदविका, डी.ई.सी.ई., बघा. बारावीवर प्रवेश, किमान 1 वर्ष, हिंदी माध्यम घेता येतं, फी काही हजारांत. त्यात मुलांचं आरोग्य आणि आहार आहे, केंद्र कसं चालवायचं ते आहे आणि प्रत्यक्ष मुलांसोबत करायचा प्रकल्प आहे. नर्सरीतली नोकरी इथे कामाला येईल. पुस्तकं इग्नूच्याच ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर आधीच मोफत वाचता येतात. एखादं प्रकरण वाचून झेपतंय का ते पाहून मगच अर्ज भरा. बी.ए. अर्धवट सोडायचं कारण नाही. 2022 पासून यूजीसीनं एका वेळी दोन अभ्यासक्रमांना मुभा दिली आहे. तरी माझं मत विचाराल तर आधी बी.ए.ची परीक्षा नीट देऊ द्या. उद्या मुख्यसेविकेची जाहिरात निघाली तर तिथे पदवीच लागणार आहे.

तिच्या बाबांना माझा निरोप द्या. डी.एल.एड. वाईट नाही. सरकारी शाळेची दारं त्यानंच उघडतात, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानल्यामुळे पहिली-दुसरीला लहान मुलांची जाण असणाऱ्या शिक्षिकेची गरज वाढणार आहे. पण 2 वर्षं पूर्णवेळ, मग टीईटी, मग टेट, मग भरतीची वाट. एवढी तयारी असेल आणि तिला पहिली-दुसरीची मुलं चालत असतील, तरच. तिला साडेतीन वर्षांचं रडकं पोरच हवं असेल तर बाबांच्या हट्टापायी केलेलं डी.एड. कपाटात पडून राहील. अशी प्रमाणपत्रं मी बरीच पाहिली आहेत.

पैशाचं कटू सत्य लपवत नाही. या कामात पगार कमी आहे, डिप्लोमा कोणताही केला तरी पुढच्या महिन्यात 5,500 चे 15,000 होत नाहीत. अंगणवाडी सेविकेलाही वेतन नाही, मानधन आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, पण अजून त्यांना सरकारी कर्मचारी म्हणत नाहीत. जरा बरे पैसे मिळतात ते मोठ्या शहरांतल्या शाळांत, किंवा बालशिक्षणात काम करणाऱ्या संस्थांमध्ये प्रशिक्षक म्हणून. संस्थेच्या मुलाखतीत प्रमाणपत्र दोन मिनिटं चाळतात, मग विचारतात, ‘एखाद्या मुलाबद्दल सांगा.’ तिथे ती वही टेबलावर ठेवायची. चार-पाच वर्षं असं काम करून प्रशिक्षक होणं हा मला तिच्यासाठी सगळ्यात वास्तव रस्ता वाटतो. स्वतःची बालवाडी काढायचा विचार असेल तर तोही त्यानंतर.

तेव्हा 42,000 पैकी इग्नूची फी आणि डहाणूचा प्रवासखर्च बाजूला काढा. थोडे पैसे रंग, कात्र्या, चित्रपुस्तकांची छपाई यासाठी लेकीच्या हातात द्या, कारण नर्सरीवाले ते देत नाहीत हे तिनं तुम्हाला सांगितलं नसलं तरी मला माहीत आहे. उरलेले बँकेत राहू देत. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना होतात, म्हणजे महिनाअखेरची घाई फक्त त्या संस्थेला आहे. त्यांचा पुन्हा फोन आला तर वरचे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा.

तुमची,
करिअर सल्लागार ताई