लक्ष, लक्ष्य आणि उद्दिष्ट

'स्टालिनग्राड हे १९४२ मध्ये जर्मनीचे सामरिक लक्ष होते' हे वाक्य बरोबर आहे का, आणि 'लक्ष'ऐवजी 'उद्दिष्ट' लिहिल्यास अर्थ बदलतो का, असे एका वाचकाने विचारले आहे.

वाक्यात दोन चुका आहेत. आजच्या मराठीत 'लक्ष' म्हणजे अवधान किंवा शंभर हजार. ज्यावर नेम धरायचा ते 'लक्ष्य'. 'सैन्याने लक्ष साध्य केले' हे बातम्यांत इतक्या वेळा कानावर येते की आता त्याचा संताप येतो. दुसरी चूक अर्थाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. 'उद्दिष्ट' हा शब्द 'दिश्' म्हणजे दाखवणे या धातूचा. युद्ध कशासाठी चालले आहे हे तो सांगतो. 'लक्ष्य' म्हणजे त्यासाठी जिथे मारा करायचा ती जागा. हिटलरच्या ५ एप्रिल १९४२ च्या आदेशात जर्मनीचे उद्दिष्ट कॉकेशसचे तेल हे होते. स्टालिनग्राड गाठावे, निदान ते जड तोफांच्या माऱ्याखाली आणून कारखाने व दळणवळणाचे केंद्र म्हणून निकामी करावे, एवढेच त्यात म्हटले होते. २३ जुलैच्या आदेशाने सैन्य दोन दिशांना विभागले गेले. कॉकेशसच्या तेलक्षेत्रांपैकी मैकोप हाती आले, पण तिथल्या विहिरी आधीच उद्ध्वस्त केलेल्या होत्या. ग्रोझनी आणि बाकू अखेरपर्यंत मिळाले नाहीत. तोवर बरेचसे बळ व्होल्गाकाठच्या त्या एका शहरात अडकले होते. लक्ष्याने उद्दिष्टाची जागा घेतली होती, आणि दोन्ही शब्द समानार्थी मानणाऱ्याला ही घटना मराठीत सांगताच येणार नाही.

आता 'लक्ष' या शब्दाकडे वळतो, कारण खरी मौज तिथे आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील इंद्रसूक्तात 'श्वघ्नीव यो जिगीवाँ लक्षमादत्', म्हणजे जिंकलेल्या श्वघ्नीप्रमाणे ज्याने 'लक्ष' उचलले, असे म्हटले आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य 'श्वघ्नी' म्हणजे कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करणारा व्याध असा अर्थ करतात, आणि मग 'लक्ष' हे ओघानेच सावज ठरते. हा अर्थ मला मुळीच पटत नाही. दहाव्या मंडलात 'कृतं न श्वघ्नी वि चिनोति देवने' असे स्पष्ट आले आहे. 'देवन' म्हणजे द्यूत आणि 'कृत' म्हणजे फाशांतले सर्वांत श्रेष्ठ दान. तिथे व्याधाला जागाच नाही. श्वघ्नी हा जुगारी आहे, आणि जिंकल्यावर तो जे उचलतो ते 'लक्ष' म्हणजे पणाला लावलेले द्रव्य. खूण आणि नेम हे अर्थ या पणाभोवतीच वाढले असावेत, आणि शंभर हजार ही संख्याही मुळात पणाच्या मोठ्या राशीचे नाव असावी, असे माझे ठाम मत आहे. संख्येचा अर्थ नुसत्या 'खुणे'वरून काढणाऱ्यांना खुणेतून एवढा मोठा आकडा कसा निघाला हे सांगावे लागेल.

या वैदिक अर्थाने मात्र वाचकाचे वाक्य १९४२ च्या हिवाळ्यापुरते खरे ठरते. नोव्हेंबरमध्ये तिथे लढणारी जर्मन सहावी सेना वेढली गेली, तिला माघार घेऊ दिली नाही, आणि २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत तिच्यातले उरलेले सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. तेव्हा स्टालिनग्राड जर्मनीचे उद्दिष्ट नव्हते आणि लक्ष्यही उरले नव्हते. ते 'लक्ष' झाले होते, आणि ते उचलणारा श्वघ्नी समोरच्या बाजूचा होता.