मे दिन शिकागोचा, मग अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरमध्ये का?

थोडक्यात, १ मेला हेमार्केटच्या बॉम्बचा वास येत होता. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मे १८८६ला संप सुरू झाला; ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब पडला आणि पुढे चौघांना फाशी झाली. १८८९च्या पॅरिस समाजवादी परिषदेने कामगार दिनासाठी १ मेच उचलला. अमेरिकेत मात्र न्यूयॉर्कच्या कामगारांची मिरवणूक ५ सप्टेंबर १८८२लाच निघाली होती. १८९४मध्ये अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार पक्का केला. सोयीचा, बिनधोक! आता त्या दिवशी बार्बेक्यू आणि सेलचीच गडबड जास्त.

फ्रान्समध्ये मोर्चे तर निघतातच, शिवाय नाक्यानाक्यावर मुगेच्या, म्हणजे घंटेसारख्या पांढऱ्या फुलांच्या, जुड्या विकायला साधी माणसंही बसतात. आपल्याकडे १ मे महाराष्ट्र दिनही, त्यामुळे कामगार बिचारा झेंडावंदनामागे झाकला जातो.