न वाचता पुढे जाता येऊ नये

प्रश्न : मुलगा सातवीत, मराठी माध्यमात. इंग्रजीचा धडा वाचताना चार ओळींत दहादा अडखळतो. गेम खेळताना मात्र जेवणाचंही भान नसतं. गोष्टीचे गेम दिले तर वाचन सुधारेल, असं त्याचा मामा म्हणतो. खरंच, की खेळायला नवं निमित्त?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, मामाचं म्हणणं अर्धं खरं आहे. बऱ्याच गेममध्ये पात्रं बोलतात, बाण वाट दाखवतो आणि मूल ‘नेक्स्ट’ दाबत सुटतं. गोष्ट संपते, वाचलेलं काही नसतं.

मी आठवीच्या वर्गासाठी ‘ट्वाइन’वर स्वतःच गेम लिहिला. वाचून पर्याय निवडत पुढे जायच्या गोष्टी रचायचं, ख्रिस क्लायमस यांचं हे २००९ चं मोफत साधन. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, आणि तयार फाइल नेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडते. गोष्ट साधी : विहिरीत पडलेलं करडू वर काढायचं. पहिल्या दिवशी फजिती झाली. सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा पर्याय निवडायचा, बाकीचे माना डोलवायचे. मग मी पर्यायांत फक्त ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ ठेवलं. डावा दोर ओला आणि उजवा ‘फ्रेड’ (frayed), हे वरच्या इंग्रजी मजकुरात. मुलांनी वाचलं ‘फ्राइड’. तळलेला दोर! हसत हसत उजवाच धरला. दोर तुटला, करडू परत पाण्यात. मग मात्र शब्दकोशावर झुंबड. धागे सुटून झिजलेला, असा अर्थ निघाला. आठवड्याने एकजण म्हणाला, “बाई, माझ्या दप्तराचा बंद फ्रेड झालाय.”

घरी तुम्ही शेजारी बसा. बटण दाबण्याआधी विचारा, “काय लिहिलंय?” उत्तर मराठीतच येऊ द्या. एका पडद्यावर पाचाहून जास्त शब्द अडले तर तो गेम सध्या नको. घड्याळ लावून पळवणारे तर नकोतच. ‘गॉन होम’ (२०१३) मला फार आवडतो : १९९५ सालचं ओरेगॉनमधलं रिकामं घर, थोरली बहीण परदेशातून परतलेली, आणि चिठ्ठ्या वाचत घरच्यांचं काय झालं ते शोधायचं. शत्रू नाही, घाई नाही. पण भाषा आणि विषय दोन्ही मोठ्या मुलांचे. कॉलेजात गेल्यावर द्या.

सुट्टीत त्यालाच एक गोष्ट रचायला सांगा, वाशिष्ठीच्या काठावरची. चार ओळी इंग्रजी, खाली दोन पर्याय. मोबाइलवर लिहिणं जिकिरीचं, लॅपटॉप मागून घ्या. आणि पहिल्यांदा खेळायला मामाला बसवा.