पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, घरातले वयस्कर आणि मुलं दोघंही रमतील असं ठिकाण कोणतं?

तुम्ही पुढे कंसात लिहिलंय ना, 'प्लीज जुनी देवळं-वाडे टाइप बोअर नको', त्या कंसामुळे उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या नणंदबाई गेली सहा वर्षं म्हणतायत.

लोणावळा तुम्हाला माहितीच असणार, ते मी सांगणार नाही. जुलैतल्या एका शनिवारी नणंदबाईंच्या हट्टापायी आम्ही दोन गाड्या काढून गेलो होतो, भुशी डॅमच्या अलीकडेच अडकलो ते दोन तास, मुलगा गाडीत ओकला, सासरे म्हणजे आमचे अण्णा (तेव्हा ७४) मागच्या सीटवर गुडघे चोळत बसलेले, आणि शेवटी काय बघितलं तर पायऱ्यांवर बसलेली माणसं. पाणी माणसांच्या मधनं जात होतं एवढंच. येताना अण्णा म्हणाले, मला पुढच्या वेळी घरीच ठेवा.

म्हणून पुढच्या वेळी मी कुणाला न विचारता साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर ठरवली (मोट म्हणजे बैल जुंपून विहिरीतलं पाणी वर ओढायची चामड्याची मोठी पिशवी). नणंदबाईंचा लगेच फोन, "अगं, विहीर बघायला कुणी शंभर किलोमीटर पेट्रोल जाळतं का? अण्णांचं अर्धं आयुष्य विहिरीवर गेलंय, त्यांना काय नवीन!" त्या आल्या नाहीत. आम्ही सकाळी सहाला निघालो, खंबाटकी उतरून नाश्ता केला, नऊच्या आत लिंबमध्ये.

लांबून काहीच दिसत नाही. शेतं आणि झाडी, मुलीचं तोंड वाकडं. मग पायऱ्या उतरायला लागलो की कमान येते आणि त्या कमानीवरनं आत गेलं की विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल, कोरीव खांब, हत्ती-घोडे, आणि खाली हिरवंगार पाणी. मुख्य विहीर अष्टकोनी, वरून बघितलं तर सगळं मिळून शिवलिंगासारखं दिसतं. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, कशासाठी तर आमराईला पाणी द्यायला. खोली ११० फूट. एका बाईनं झाडांना पाणी पाजायला एवढं केलं हे माझ्या मुलीला फार आवडलं, मलाही.

पण मी सांगणार होते ते अण्णांचं. ते महालात दोन मिनिटं थांबले आणि मग वर, जिथनं मोटा चालायच्या तिथं जाऊन उभे राहिले ते हलेचनात. नातवाला बोलावलं आणि सुरू झाले. हे चाक इथं बसतं, त्याच्यावरनं नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर, खालच्या बाजूला सोंदूर म्हणजे सोंडेचा बारीक दोर, मोट वर आली की तिची सोंड आपोआप थारोळ्यात, म्हणजे वरच्या कुंडात, मोकळी होते, तिथनं पाणी पाटाला. बैल उताराला लागले की मोट वर येते, त्या उताराला धाव म्हणतात, आणि खरं कसब पुढे, बैल परत वर न्यायचे ते उलट्या पावलांनी, तोंड न फिरवता. नातू म्हणाला, "म्हणजे रिव्हर्स गिअर?" अण्णा इतके हसले की खोकला लागला. मग त्यांनी बैलांना हाक मारून दाखवली, तिथल्या तिथं, अगदी खणखणीत, बाजूला सेल्फी काढणारी चार पोरं थांबून बघायला लागली. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यांना काय नवीन असेल ते नणंदबाईच जाणोत.

मुलांना पोहायचं-भिजायचंच असेल तर हे तुमच्यासाठी नाही, सरळ वॉटर पार्कला जा, भांडण नाही.

तिथनं वाई तासाभराच्या आत येते. ढोल्या गणपती (१७६२ चा, रास्त्यांनी बांधलेला) आणि समोरचा कृष्णेचा घाट, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. वाडा उघडा असेलच असं नाही, खाजगी आहे, पण मेणवलीचा घाट त्याहून भारी आणि तिथं एक मोठी घंटा टांगलीय ती चर्चमधली, पोर्तुगीजांकडून १७३९ च्या वसईच्या मोहिमेत आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. आपल्या देवळात ती घंटा कशी, हे मुलांना सांगायला लागलात की अर्धा तास जातो, कुणी मोबाईल मागत नाही. जेवण वाईत करा, भाकरी आणि खर्डा मिळेल तिथं.

आता उशिरा आठवलेलं. तुम्ही वडिलांच्या गुडघ्यांचं लिहिलंय, तर विहिरीच्या आतल्या पायऱ्या उंच आहेत आणि पावसाळ्यात शेवाळतात, अण्णांना मी आणि नवऱ्याने दोन्हीकडनं धरून नेलं. नसेल जमत तर वरूनही नीट दिसते. लहान मुलाचा हात सोडायचा नाही, शेवटी विहीर आहे. बाथरूमची सोय हायवेवरच उरकून घ्या. एप्रिल-मेत दुपारी जाऊ नका, डोकं तापतं. डिसेंबर-जानेवारी बेस्ट. आणि रविवारी संध्याकाळी पुण्याकडे येताना ट्रॅफिक लागणारच, त्याला माझा इलाज नाही, त्यामुळे चारला निघाच.

येताना साताऱ्याचे कंदी पेढे घेतले, अर्धा किलो नणंदबाईंना. अण्णांनी स्वतः नेऊन दिले आणि मोटेचं सगळं परत एकदा सांगितलं. नणंदबाईंनी दोन पेढे खाल्ले, ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिक्की नाही का मिळाली तिकडे?"