मुद्दल दोन्ही बाजूंना राहते, ते एकटे कसे करावे?

प्रश्न : सरळव्याजाने ठेवलेली रक्कम द.सा.द.शे. ८ दराने ३ वर्षांत ६,२०० रुपये झाली, तर मुद्दल किती, असे उदाहरण माझ्या मुलीला आले आहे. रास (मुद्दल आणि व्याज मिळून होणारी रक्कम) = म + (म × द × क) ÷ १०० या सूत्रातून (म = मुद्दल, द = दर, क = मुदत वर्षांत) दर आणि मुदत तिला काढता येतात; मात्र मुद्दल काढताना म = रास − (म × द × क) ÷ १०० येथेच गाडी अडते. पुढे काय करावे? – एक पालक

उत्तर : तुमच्या मुलीची मांडणी खरी आहे, पण उजवीकडे ‘म’ शिल्लक असेपर्यंत ते उत्तर नव्हे. या टप्प्यावर अनेक विद्यार्थी उजवीकडच्या ‘म’च्या जागी रासच घालतात आणि ६,२०० मधून तिचे २४ टक्के, म्हणजे १,४८८ वजा करून ४,७१२ हे उत्तर लिहितात. ताळा घेतला की चूक लगेच दिसते, कारण ४,७१२ रुपयांची रास ५,८४२.८८ रुपयेच होते.

व्याजाचा दर सूत्रात एकदाच येतो, म्हणून तेथे क्रिया उलट क्रमाने उलगडल्या की पुरते : आधी म वजा करावे, मग १०० ने गुणावे, शेवटी म × क ने भागावे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) हीच रीत विलोमविधी म्हणून दिली आहे. मुद्दल मात्र दोन पदांत येते, त्यामुळे पक्षांतराची घाई न करता दोन्ही पदे एकाच बाजूला ठेवून ‘म’ हा सामाईक अवयव बाहेर काढावा, म्हणजे रास = म × (१ + द × क ÷ १००) असे रूप मिळते. आता ‘म’ एकदाच उरला. दोन्ही बाजूंना कंसाने भागल्यावर ६,२०० ÷ १.२४ = ५,००० रुपये.

त्याच ग्रंथातील इष्टकर्मानेही, म्हणजे सोयीची संख्या मानून उत्तर काढण्याच्या रीतीनेही, हे सुटते आणि मुलांना ती रीत अवश्य दाखवावी, असे मला वाटते : मुद्दल १०० मानल्यास रास १२४ होते, म्हणून खरे मुद्दल ६,२०० × १०० ÷ १२४. मात्र रास मुद्दलाच्या समप्रमाणात असल्यामुळेच ही रीत येथे लागू पडते. दर दुप्पट केल्याने रास दुप्पट होत नाही, त्यामुळे दर काढताना इष्टकर्म चालणार नाही. तेथे वर सांगितलेली उलट क्रमाची रीतच वापरावी.