पोस्टग्रेस डेटाबेसमधले आपोआप वाढणारे सगळे कॉलम कॅटलॉगमधून, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलांतून, कसे शोधायचे?

तुम्ही पीजी_अ‍ॅट्रडेफमध्ये (कॉलमांचे डिफॉल्ट, म्हणजे आपोआप भरायच्या किमती, इथे असतात) ‘नेक्स्टव्हॅल’ हे पुढचा नंबर देणारं फंक्शन शोधून यादी केलीत, तरी काही टेबलं सुटली. सुटलेले कॉलम बहुधा ‘आयडेंटिटी’वाले, म्हणजे नंबर आपोआप देण्याची सोय कॉलमच्या व्याख्येतच असलेले, असणार. ही सोय 10व्या आवृत्तीत, 2017 साली आली. अशा कॉलमला डिफॉल्ट नसतोच, मग पीजी_अ‍ॅट्रडेफमध्ये सापडणार काय? पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमधला (इथे प्रत्येक कॉलमची एक ओळ असते) अ‍ॅटआयडेंटिटी बघा: ‘ए’ म्हणजे ऑलवेज, ‘डी’ म्हणजे बाय डिफॉल्ट, रिकामा असेल तर यातलं काही नाही. अ‍ॅटइजड्रॉप्ड फॉल्स ही अट घालाच. काढून टाकलेल्या कॉलमांच्या ओळी तिथे तशाच पडून असतात.

‘सीरियल’ हा खरं तर वेगळा डेटाटाइपच नाही. साधा इंटिजर, एक सीक्वेन्स (क्रमाने नंबर देणारा मोजणीदार), नेक्स्टव्हॅलचा डिफॉल्ट आणि त्या सीक्वेन्सची मालकी कॉलमच्या नावावर, एवढंच. मालकीची नोंद पीजी_डिपेंडमध्ये, म्हणजे कोण कुणावर अवलंबून आहे त्या यादीत, असते: ऑबजिडमध्ये सीक्वेन्स, रेफऑबजिडमध्ये टेबल, रेफऑबजसबआयडीमध्ये कॉलमचा क्रमांक. डेप्टाइप ‘ए’ असेल तर सीरियल, ‘आय’ असेल तर आयडेंटिटी. म्हणून मी हल्ली सीक्वेन्सपासूनच उलटा येतो. एकाच क्वेरीत दोन्ही हाती लागतात. फक्त मालकी कुणी हातानेही देऊ शकतं, तेव्हा ‘ए’ दिसला तरी डिफॉल्ट आहे ना, हे तपासा.

आता मी स्वतः कुठे आपटलो ते सांगतो. एका जुन्या पावत्यांच्या टेबलाचा डेटा सीएसव्हीतून नव्या डेटाबेसमध्ये चढवला. डेटासोबत जुने नंबरही आले, म्हणून कुठले सीक्वेन्स पुढे सरकवायचे ते पीजी_गेट_सीरियल_सीक्वेन्स या फंक्शनला विचारलं. पावती क्रमांकासाठी त्याने नल दिलं, मी तो कॉलम साधा समजून सोडला. सोमवारी पहिलीच पावती फाडायला गेले तर ‘डुप्लिकेट की’, म्हणजे तोच नंबर आधीच वापरलेला! कुणीतरी सीक्वेन्स वेगळा बनवून डिफॉल्ट हाताने लिहिला होता, मालकी दिलीच नव्हती. आणि ते फंक्शन बघतं फक्त मालकी.

अशांसाठी तुमची पहिली क्वेरी टाकून देऊ नका. डिफॉल्टच्या ओआयडीवरून (डेटाबेसने दिलेला अंतर्गत क्रमांक) पीजी_डिपेंडमध्ये गेलात की डेप्टाइप ‘एन’च्या ओळीत सीक्वेन्स सापडतो. मात्र नेक्स्टव्हॅलला सीक्वेन्सचं नाव टेक्स्ट म्हणून दिलं असेल तर ती ओळही नसते. तेव्हा डिफॉल्टचा मजकूर वाचायचा. आणि नंबर ट्रिगरमधून (ओळ घालताना आपोआप चालणारं फंक्शन) भरला जात असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, पीजी_ट्रिगरवरून फंक्शन गाठून ते उघडावंच लागतं.